जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेताना या चुका टाळा

जुना एसएलआर तपासणं त्या मानाने सोपं असतं. डोळा लावला की लेन्समधूनच दिसतं, त्यामुळे लेन्स धुरकट असेल किंवा फोकस बसत नसेल तर तिथल्या तिथे कळतं. रेंजफाइंडरमध्ये ही सोय नाही. व्ह्यूफाइंडर वेगळा, लेन्स वेगळी आणि या दोघांचा मेळ घालणारी यंत्रणा तिसरीच. लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र लख्ख दिसतं. लेन्सच्या आत बुरशी माजलेली असो की शटरची पाती एकमेकांना चिकटलेली असोत, डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. "आतून बघितलं, स्वच्छ दिसतंय, क्लिकही होतंय" एवढ्या भरवशावर घेतलेले रेंजफाइंडर म्हणूनच पुढे त्रास देतात.

तेव्हा व्ह्यूफाइंडर-रेंजफाइंडर, शटर आणि लेन्स या तिन्ही गोष्टी सुट्या-सुट्या तपासायच्या. दोष सापडला की लगेच कॅमेरा खाली ठेवायचा नाही. हा दोष दुरुस्त होतो का, आणि दुरुस्तीचा खर्च धरूनही सौदा परवडतो का, एवढं स्वतःला विचारायचं. पन्नास-साठ वर्षांच्या कॅमेऱ्यात काहीच दोष नाही असं क्वचितच होतं. कोणता दोष पदरात घ्यायचा आणि कोणता नाही, हे ठरवता आलं की निम्मं काम झालं.

चूक: वरच्या चकाकीवर भाळणं

क्रोम चमकतंय, लेदर शाबूत आहे, मूळ केससुद्धा आहे. बघायला छान वाटतं, पण यावरून एवढंच कळतं की कॅमेरा फारसा वापरला गेला नाही. आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या कॅमेऱ्यातच वंगण सुकून घट्ट होतं. उलट कडेचं काळं रंगकाम उडून खालचं पितळ दिसायला लागलेला कॅमेरा नियमित हातात असल्यामुळे आतून चांगला निघू शकतो.

बाहेरून बघायचंच असेल तर तीन जागा बघा. पहिली, वरच्या पत्र्याचे कोपरे. तिथे पोचा असेल तर कॅमेरा पडलाय, आणि रेंजफाइंडरचे आरसे त्याच पत्र्याखाली असतात. दुसरी, लेन्सच्या तोंडाची फिल्टर रिंग. ती वाकडी असेल तर धक्का थेट लेन्सला बसलेला आहे. तिसरी, स्क्रू. त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या दिसल्या तर चुकीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणीतरी कॅमेरा उघडलाय. अशा माणसाने आत काय केलं असेल ते सांगता येत नाही. मला स्वतःला पोच्यापेक्षा खराब झालेल्या स्क्रूची जास्त धास्ती वाटते.

लेदरच्या केसचा वास जरूर घ्या. कुबट वास येत असेल तर लेन्स दुप्पट काळजीने बघा. कॅमेरा घेतलाच, तर अशी केस त्याच्यासोबत ठेवू नका.

चूक: पॅच दिसला म्हणजे रेंजफाइंडर ठीक, असं धरून चालणं

व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटा उजळ किंवा पिवळसर चौकोन दिसतो, तो पॅच. फोकस रिंग फिरवली की त्यातली दुसरी प्रतिमा आडवी सरकते. ती मूळ प्रतिमेवर तंतोतंत बसली की फोकस झाला. पॅच दिसतो एवढ्यावर थांबू नका. तो नीट चालतो का, ते बघायचं.

आधी रिंग सर्वांत जवळच्या अंतरापासून इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे सर्वांत दूरच्या टोकापर्यंत, सावकाश फिरवा. प्रतिमा पूर्ण वाटभर न अडखळता सरकायला हवी. मध्येच थांबली आणि मग उडी मारून पुढे गेली, तर आतला दांडा अडकतोय. रिंग फिरते पण प्रतिमा हलतच नाही, असंही सापडतं. तिथे लेन्स आणि रेंजफाइंडर यांची जोडणीच सुटलेली असते.

मग उघड्यावर जा. अगदी दूरची, कडा स्पष्ट असलेली वस्तू निवडा. मोबाइलचा टॉवर चालेल, रात्री चंद्र उत्तम. रिंग इन्फिनिटीला टेकवा. दोन्ही प्रतिमा एक व्हायला हव्यात. समोरच्या इमारतीच्या खिडकीवर ही तपासणी करू नका, ती इन्फिनिटी नव्हे. त्यानंतर जवळचं अंतर. कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर बऱ्याचदा वर्तुळातून गेलेली आडवी रेघ कोरलेली असते, ती फिल्मची जागा. तिथून टेपने एक मीटर मोजा, त्या अंतरावर काहीतरी ठेवा, पॅच जुळवा आणि लेन्सवरचा आकडा वाचा. दूरचं जुळलं पण जवळचं चुकलं, असं झालं तर दुरुस्ती दोन्ही टोकांना करावी लागते. ते जास्त किचकट काम आहे.

प्रतिमा वर-खाली झाली असेल तर घाबरू नका. फोकस आडव्या सरकण्यावर ठरतो, त्यामुळे उभा फरक डोळ्याला त्रास देतो पण फोटो फारसा बिघडवत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत तो स्क्रूने काढता येतो. या दोषावर भाव थोडा कमी करून मागावा, कॅमेरा नाकारू नये.

पॅच अगदी फिका दिसत असेल तर कारण शोधा. नुसती धूळ आणि काचेवरचा थर असेल तर साफसफाईने भागतं. आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडाला असेल तर तो आरसा बदलावा लागतो. साध्या कॅमेऱ्यात हे काम होण्यासारखं आहे. मुलामा पूर्ण उडालाय की थोडा शिल्लक आहे, ते पाहायचं तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर मधोमध काळ्या टेपचा छोटा तुकडा लावा. पॅचमागची मूळ प्रतिमा अंधारते आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते. बरेच जण असा टेप कायमचा लावूनच वापरतात.

एका बाबतीत मात्र सौम्य होऊ नका. १९५४ च्या लायका एम३ चा व्ह्यूफाइंडर आजही सर्वोत्तमांत गणला जातो, पण त्याचं प्रिझम चिकटवून जोडलेलं आहे. वयामुळे किंवा धक्क्याने तो जोड सुटतो. व्ह्यूफाइंडरच्या कडेने पिवळट-काळपट सावली आत सरकताना दिसली, किंवा पॅच नाहीसाच झाला असेल, तर ही दुरुस्ती महाग आहे आणि करणारे हात थोडे आहेत. धक्का बसताच पूर्ण काळोख झाल्याचीही उदाहरणं आहेत. एम३ बघताना आधी व्ह्यूफाइंडर उजेडाकडे धरून त्याच्या चारही कडा बघा, बाकी सगळं नंतर.

चूक: पॅच जुळला म्हणजे फोकस फिल्मवरही बसला, असं मानणं

ही चूक अनुभवी माणसंही करतात. लेन्स कधीतरी उघडून साफ केलेली असते आणि परत बसवताना तिचा आटा एका वळणाने चुकलेला असतो. पॅच व्यवस्थित जुळतो, आकडेही बरोबर येतात, पण फिल्मवर सगळं धूसर. रेंजफाइंडर आणि लेन्स यांची सांगड तुटलेली असते आणि व्ह्यूफाइंडर ते कधीच सांगत नाही.

मागचं झाकण उघडणारा कॅमेरा असेल तर हे फिल्म न घालता तपासता येतं. अर्धपारदर्शक, मॅट चिकटपट्टीचा एक तुकडा घ्या. फिल्म जिथे टेकते त्या चौकटीच्या आतल्या दोन रुळांवर तो ताणून, सुरकुती न पडू देता चिकटवा. शटर "बी" वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारा वेग) ठेवा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडा, कॅमेरा टेबलावर टेकवून दूरच्या दिव्याकडे रोखा आणि बटण दाबून धरा. केबल रिलीज असेल तर हात मोकळा राहतो. पट्टीवर उलटी प्रतिमा उमटेल. खोलीत अंधार करा किंवा डोक्यावर कापड घ्या, आणि भिंगाने तिची कड बघा. इन्फिनिटीला दिव्याचा बारीक ठिपका दिसायला हवा. तो पसरट असेल आणि रिंग थोडी मागे घेतल्यावर बारीक होत असेल, तर लेन्स चुकीची बसलीय. मग एक मीटरवरचं छापील पान घेऊन तेच करा. पॅच ज्या ठिकाणी जुळतो त्याच ठिकाणी पट्टीवरची अक्षरं तीक्ष्ण झाली, तर या कॅमेऱ्यातला सर्वांत लपलेला दोष नाही, याची खात्री पटते. काम संपलं की पट्टी हळूच काढा. तिचा चिकट डाग रुळांवर राहू देऊ नका आणि बोट शटरला लागू देऊ नका.

लायका II, III आणि त्यांच्यासारखे सोव्हिएत कॅमेरे, म्हणजे जुने फेड आणि पहिले झोर्की, यांना मागचं झाकणच नाही, फिल्म खालून सरकवतात. तिथे ही युक्ती चालत नाही, रोल काढूनच बघावा लागतो. म्हणूनच असे कॅमेरे परत करण्याची मुभा नसेल तर घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात आणखी एक गोम आहे. ज्युपिटर-८ सारख्या सोव्हिएत लेन्स लायकाच्या स्क्रू-माउंटमध्ये सहज बसतात, पण त्यांचं मोजमाप कॉन्टॅक्स या दुसऱ्या जर्मन रेंजफाइंडरच्या परंपरेतून आलेलं असल्यामुळे लायकाच्या रेंजफाइंडरवर जवळच्या अंतराला, पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोकस बरेचदा किंचित चुकतो. दोष बॉडीचाही नाही, लेन्सचाही नाही. दुसऱ्या लेन्सने तपासल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच दोषी धरू नका. आणि ज्युपिटर-१२ बसवण्याआधी तिची मागची काच बघा. ती बॉडीत खोल शिरते आणि काही कॅमेऱ्यांत आतल्या भागाला टेकते.

चूक: क्लिक ऐकून समाधान मानणं

लेन्स न बदलणाऱ्या रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे कॅनोनेट, याशिका, मिनोल्टा हाय-मॅटिक, ऑलिंपस ३५ वगैरेंमध्ये, शटरची पातळ पाती लेन्सच्या काचांच्या मध्ये असतात. त्यांच्यावर तेलाचा नुसता लेप आला तरी ती चिकटतात. मग बटण दाबलं की यंत्रणेचा आवाज येतो, पाती मात्र जागची हलत नाहीत, किंवा उघडून उघडीच राहतात. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून हे दिसणार नाही.

मागचं झाकण उघडा, कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे करा आणि फिल्मच्या चौकटीतून बघत क्लिक करा. मध्ये उजेडाचं गोल भोक उघडून मिटायला हवं. ऑटो सोडून हाताने वेग निवडता येत असेल तर सर्वांत हळू वेगापासून सुरुवात करा. एक सेकंद, अर्धा, पाव. हळू वेग छोट्या चाकांच्या गाडीवर चालतात आणि वंगण सुकलं की तीच आधी रेंगाळते. एका सेकंदाला शटर उघडलं आणि दोन-तीन सेकंद उघडंच राहिलं, किंवा घरघर करत मध्येच अडलं, तर सर्व्हिसिंगचा खर्च धरून चाला.

इथे पहिल्या क्लिकला सर्वांत जास्त किंमत आहे. चार-पाचदा दाबल्यावर चिकट पाती सुटतात आणि मग सगळं ठीक वाटतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत चिकटतो. म्हणून भेटायला जाण्याआधी विक्रेत्याला कॅमेरा न चालवण्याची विनंती करा आणि तुमचं पहिलंच क्लिक मागचं झाकण उघडून, डोळे लावून करा. लायटरमधल्या नॅफ्थाचे दोन थेंब सोडून पाती मोकळी केलेला कॅमेराही विकायला येतो. तेल विरघळून पसरतं आणि नॅफ्था उडून गेला की पुन्हा तिथेच बसतं. पात्यांवर इंद्रधनुषी, तेलकट झाक दिसते का, ते टॉर्चने बघा.

वेग मोजायला मोबाइल पुरेसा आहे. सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये उघडझाप चित्रित करा आणि उजेड दिसणाऱ्या फ्रेम मोजा. १/३० ला साधारण ८ फ्रेम, १/८ ला ३०, १/४ ला ६०. थोडा फरक चालतो. १/८ ला ५० फ्रेम भरल्या तर मात्र शटर मंद आहे. १/१२५ च्या पुढचे वेग असे विश्वासाने मोजता येत नाहीत, त्यासाठी फिल्मच लागते.

पडद्याचं शटर असलेल्या कॅमेऱ्यात तपासणी बदलते. लायका, फेड, झोर्की यांचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे असतात. रेंजफाइंडरमध्ये मध्ये आरसा नसतो, त्यामुळे झाकण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला की लेन्स सूर्याचा ठिपका थेट पडद्यावर पाडते आणि कापडाला भोक पडतं. मागचं झाकण उघडत असेल तर अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून आत टॉर्च धरा आणि मागून बघा. सुईच्या टोकाएवढाही उजेड दिसला तर प्रत्येक फोटोत डाग येणार. शटर चढवून एकदा आणि न चढवता एकदा, असं दोनदा बघा, कारण पडदे दोन असतात. १९६१ च्या कॅनन ७ मध्ये आणि कॅनन पी मध्ये धातूचे पडदे आहेत. त्यांच्यावर सुरकुत्या असणं नेहमीचंच आहे आणि बहुतेक वेळा त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. त्यावरून चांगला कॅनन सोडून देऊ नका. कीवमध्ये, म्हणजे कॉन्टॅक्सच्या सोव्हिएत भावंडात, धातूच्या पट्ट्या कापडी फितींवर चालतात. त्या फिती झिजून तुटतात, त्यामुळे तिथे आवाज आणि हालचाल दोन्ही एकसारखी असणं महत्त्वाचं.

सेल्फ-टायमर चालवून बघायचा मोह आवरा. जुन्या कॅमेऱ्यात तो अर्ध्यावर अडकला तर चांगलं शटरही त्याच्यासोबत अडकून बसतं.

चूक: ओरखड्यांना घाबरणं आणि धुरकटपणाकडे दुर्लक्ष करणं

पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत जवळजवळ दिसत नाही. आतला पातळ धूर मात्र प्रत्येक फोटोतला काळेपणा खातो. ॲपर्चर पूर्ण उघडा, शटर "बी" वर धरा, एका बाजूने टॉर्च तिरका धरून दुसऱ्या बाजूने बघा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, धाग्याधाग्यांनी पसरलेली दिसते. कडेला थोडी असेल तर साफ होते, पण मुलामा खाल्ला असेल तर खूण कायमची. काचांचा जोड सुटला असेल तर कडेने रंगीत चंद्रकोर दिसते. धुरकटपणा हा एकसारखा, दुधी पडदा असतो.

टॉर्चखाली कुठलीही जुनी लेन्स भयंकरच दिसते, हेही ध्यानात ठेवा. धुळीचे कण आणि काचेतले बारीक बुडबुडे निरुपद्रवी असतात. बुडबुडे तर त्या काळच्या चांगल्या काचेतही असायचे. म्हणून आधी टॉर्चशिवाय, साध्या उजेडात बघा. तिथेही धूर दिसला तर तो नक्कीच फोटोत येणार.

तो पुसून निघेल का, हा पुढचा प्रश्न. बहुतेकदा निघतो. पण कॅननच्या स्क्रू-माउंट ५० मिमी एफ १.८ मध्ये ॲपर्चरच्या मागच्या काचेला वंगणाच्या वाफेने कायमचं खाऊन टाकल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तिथे "साफ केली की चमकेल" या आश्वासनावर पैसे देऊ नका. १९३३ च्या लायका सुमारची पुढची काच मऊ आहे, ओरखड्यांनी भरलेलीच सापडते. तिच्याकडून मऊ, झगमगत्या प्रकाशाचे फोटो हवे असतील तरच घ्या.

चूक: मीटर बंद म्हणून कॅमेरा नाकारणं, किंवा सुई हलली म्हणून घेणं

आधी उजेड मोजणारं हे मीटर कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. लेन्सभोवती किंवा पुढच्या बाजूला खवल्याखवल्यांची काच असेल तर ते सीलेनियमचं, त्याला सेल लागत नाही. मेलेला सीलेनियम जिवंत होत नाही. सुई हलते म्हणजे आकडा बरोबर, असंही नाही. मोबाइलच्या लाइट-मीटर ॲपशी उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे ताडून बघा.

नंतरच्या कॅमेऱ्यांत सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) मीटर आलं आणि त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. तो आता मिळत नाही. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला तर सुई जास्त उजेड दाखवते आणि फोटो काळपट येतात. शिवाय अल्कलाइनचा दाब वापरासोबत उतरत जातो, त्यामुळे चूकही बदलत राहते. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल दाबाला जवळचा आहे आणि आकार जुळवायला कडी मिळते, मात्र त्याचं आयुष्य कमी. तेव्हा "मीटर चालतं पण चुकीचं दाखवतं" असं कुणी म्हणालं तर आधी आत कोणता सेल आहे ते विचारा. सेलच्या खणात हिरवा-पांढरा थर असेल तर वरवर खरवडून समाधान मानू नका, गंज बहुतेक वेळा आतल्या तारेपर्यंत गेलेला असतो.

शटर पूर्ण यांत्रिक असेल तर मीटर बंद असलं तरी माझ्या मते कॅमेरा घ्यावा. भर उन्हात एफ १६ आणि फिल्मच्या आयएसओएवढा वेग (१/आयएसओ), हा हिशोब चालतो. याउलट याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा मिनोल्टा सीएलई मध्ये शटरच विजेवर चालतं. तिथे सर्किट गेलं की कॅमेरा गेला.

इलेक्ट्रो ३५ सेलशिवाय दाखवला जातो तेव्हा विशेष सावध राहा. सेल नसतानाही त्याचं शटर १/५०० ला चालतं. क्लिक छान येतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. त्याचा मूळ ५.६ व्होल्टचा सेल नाहीसा झालाय, पण ६ व्होल्टचा सेल अडॅप्टरसह चालतो. तो सोबत न्या. अंधारात पिवळा दिवा आणि भर उजेडात लाल दिवा लागतो का बघा, आणि अंधारात शटर खरंच जास्त वेळ उघडं राहतं का, ते मागून तपासा. फिल्म पुढे सरकवताना आतून "ठक्" असा आवाजही यायला हवा. तो येत नसेल तर आतली रबराची छोटी गादी विरघळलेली आहे. या मॉडेलचा हा ठरलेला आजार आहे. दुरुस्त होतो, पण कॅमेरा उघडावा लागतो.

चूक: नसलेला बिघाड बिघाड समजणं

१९७२ चा कॅनोनेट क्यूएल१७ जी-III ऑटोवर असताना उजेड कमी पडला की बटण अडवतो. ऑलिंपस ३५ आरसीही तसंच करतो. "शटर जाम" म्हणून हे कॅमेरे स्वस्तात विकायला येतात. ॲपर्चर ऑटोवरून काढून एखाद्या आकड्यावर आणा आणि मग दाबून बघा.

झोर्की-४ च्या बाबतीत उलटं. त्याचा वेगाचा चाक शटर चढवल्यावरच फिरवायचा असतो. आधी फिरवला तर यंत्रणा बिघडू शकते. दुकानात आधीच्या कुणी तो फिरवला असेल ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून झोर्कीचा प्रत्येक वेग स्वतः तपासा.

जुन्या लायका, फेड, झोर्कीत फिल्म गुंडाळणारं रीळ सुटं असतं आणि ते हरवलेलं असतं. खालचं झाकण उघडून आत ते आहे का, एवढं बघायला विसरू नका. खालून भरायच्या कॅमेऱ्यांना फिल्मची जीभही लांब, साधारण १० सेंटिमीटर कापावी लागते. न कापता घातली की फिल्म फाटते आणि तुकडा शटरमध्ये जातो.

चूक: नावावर विश्वास ठेवणं

सोनेरी मुलामा, सापाच्या कातड्याचं वेष्टन, जर्मन हवाई दलाची किंवा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची कोरीव मुद्रा. असा "लायका" दिसला तर बहुधा तो फेड किंवा झोर्की असतो. फेडचं उत्पादन खार्कीवमध्ये १९३४ ला लायका II वरून सुरू झालं आणि झोर्की १९४८ पासून आला, त्यामुळे बांधणी जुळते. लेन्स काढून आत वर बघा. रेंजफाइंडरचा जो दांडा लेन्सला टेकतो, त्याच्या टोकाला खऱ्या लायकात गोल चाक असतं, फेड-झोर्कीत निमुळतं, घासणारं टोक. फेड म्हणून घ्यायला तो उत्तम कॅमेरा असू शकतो, पण पैसे फेडचेच द्या.

"सीएलए (साफसफाई, वंगण, जुळवणी) झालेला आहे" हे वाक्यही तसंच. कधी, कुणी, काय केलं, पावती आहे का? उत्तर आलं नाही तर न झालेलाच धरा. दुसरीकडे, मागच्या झाकणाचा, उजेड अडवणारा स्पंज चिकट होऊन झडतोय याचं फार मनावर घेऊ नका. तो बदलणं सोपं आहे. फक्त त्याचा चुरा शटरमध्ये पडू देऊ नका.

चूक: लांबून घेताना फोटोंवर भागवणं आणि पहिला रोल लांबणीवर टाकणं

कॅमेरा हातात येणार नसेल तर पाच गोष्टी मागा: व्ह्यूफाइंडरमधून मोबाइलने काढलेला, पॅच दिसणारा फोटो, लेन्समधून आरपार उजेड जातानाचा फोटो, सेलच्या खणाचा फोटो, मागून चित्रित केलेलं एक सेकंदाचं आणि १/८ चं शटर, आणि फिल्म सरकवण्याचा आवाज. खरा विकणारा कुरकुर करत का होईना, देतो. "तपासलेला नाही" असं लिहिलं असेल तर बिघडलेलाच आहे असं समजून भाव ठरवा. परत करायची मुदत किती, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

कॅमेरा आला की त्याच आठवड्यात रोल घाला. फिल्म पुढे सरकवताना रिवाइंडचा खुंटा फिरतो का बघा, नाहीतर फिल्म अडकलेलीच नाही. काही फ्रेम मोकळ्या आकाशाच्या, १/१००० किंवा जो सर्वांत जलद वेग असेल तिथपासून खाली उतरत, ॲपर्चर त्या प्रमाणात बदलत घ्या. काही फ्रेम पूर्ण उघड्या ॲपर्चरला एक मीटरवर आणि इन्फिनिटीला. दिलेला प्रत्येक आकडा लिहून ठेवा. रोल धुऊन आला की स्कॅनवर नाही, निगेटिव्हवर बघा, कारण स्कॅनर कमी-जास्त उजेड परस्पर सावरून घेतो. आकाशाच्या सगळ्या फ्रेम सारख्या घनतेच्या असतील तर शटर बरोबर. जलद वेगाला फ्रेमची एक बाजू निगेटिव्हवर फिकी पडत असेल तर दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी तोच ठिपका असेल तर पडद्याला भोक आहे. फिल्मच्या कडेच्या भोकांपासून आत पसरलेला काळा पट्टा दिसला तर दोष मागच्या स्पंजचा. फ्रेम एकमेकींवर चढल्या असतील तर सरकवण्याची यंत्रणा घसरते. स्पंज सोडून यातलं काहीही दिसलं, तर त्या निगेटिव्हचा उजेडावर धरून फोटो काढा आणि मुदत संपायच्या आत विक्रेत्याला पाठवा.